लिटरला सहा ग्रॅम

त्या दिवशी जेवताना लीव्हननं तोंड फक्त बटाटे खाण्यापुरतं उघडलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ईस्टरचं जेवण चाललं होतं. टेबलाभोवती सासरची सगळी मंडळी होती आणि विषय होता सासऱ्यांच्या, म्हणजे ओडीलच्या, ऐंशीव्या वाढदिवसाचा. जुलैचा दुसरा शनिवार, लीव्हनचीच बाग, पंचेचाळीस माणसं आणि गावचा बँड. मेहुणा योरिस कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. खुर्च्या झाल्या, मांस झालं, केक झाला. मग योरिसनं विचारलं, "बिअर कुठली मागवायची?"

"मागवायची कशाला? मी करीन की," लीव्हन म्हणाला.

टेबलावर सगळे काटे-चमचे थांबले. लीव्हनच्या बायकोनं, ग्रीटनं, टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती योरिसला लागली.

"तू?" योरिस पोटरी चोळत म्हणाला.

"गव्हाची करीन. संत्र्याची साल आणि धने घातलेली. बाबांची आवडती."

आता सगळ्यांनी ओडीलकडे पाहिलं. ओडीलनं गावातल्या बिअरच्या कारखान्यात अडतीस वर्षं बाटल्या भरल्या होत्या. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, पण गावात कुणी बाटली उघडली की लोक अजून आधी ओडीलच्या तोंडाकडे बघतात आणि मग ग्लासाकडे. तो जावयाकडे न बघताच म्हणाला, "कर." आणि त्यानं आणखी रस्सा वाढून घेतला.

लीव्हननं हे का केलं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला नुसता मूर्ख समजाल. (तो आहेच, पण नुसता नाही.) ओडीलच्या शब्दकोशात कौतुकाचा एकच शब्दप्रयोग आहे, "प्यायला येतं." बिअर असो, बायको असो, नाहीतर नवा पूल असो. हे शब्द त्याच्या तोंडून आजवर तीनदाच निघालेत, असं आमच्या गावात मानतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण लीव्हनच्या वाट्याला ते कधी आले नाहीत. लग्नाच्या दिवशी सासरा म्हणाला होता, "बाही लांब झालीय." घर बांधलं तेव्हा म्हणाला होता, "गळेल." आणि घर गळलं, हे त्यातलं जास्त वाईट. एकदा लीव्हननं आपणहून सासऱ्याच्या कुंपणाला हिरवा रंग लावला, तर फाटकही त्यातच रंगून चिकटून बसलं आणि ओडीलला दोन दिवस शेजाऱ्याच्या कोबीतून ये-जा करावी लागली. माणूस वाईट नाही हो. नगरपालिकेत ओळखपत्रांच्या खिडकीवर बसतो, सरळ नाकासमोर चालतो, पण हातात काही घेतलं की काहीतरी राहतंच. तेव्हा त्याला एकदाच, सगळ्यांसमोर, सासऱ्याच्या तोंडून ते दोन शब्द ऐकायचे होते. बस, एवढंच.

आता शहाणा माणूस आधी बिअर करून बघतो. लीव्हननं आधी ग्लास मागवले. कारण बिअर म्हटली की तिचा स्वतःचा ग्लास हवाच. दुसऱ्या बिअरच्या ग्लासात बिअर देणं म्हणजे पाहुण्याला शेजाऱ्याचा दात घासायचा ब्रश देण्यासारखं. त्यामुळे गव्हाचा एक दाणा घरात यायच्या आधी अठ्ठेचाळीस ग्लास आले. जाड, सहा कोनांचे, त्यावर ओडीलचा फोटो आणि खाली नाव. फोटो त्यानं ओळखपत्रावरचा घेतला होता. (नियमात बसत नाही. तुम्ही कुणाला सांगू नका.)

ओडीलनं ग्लास उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "हा कोण?"

"तुम्हीच, बाबा."

"शोकपत्रावर छापतात तसला फोटो आहे."

"ओळखपत्राला हसायचं नसतं, बाबा. नियम आहे."

"मी हसत नव्हतोच," ओडील म्हणाला आणि ग्लास खाली ठेवला.

ग्लास आल्यामुळे आता माघार घेणं अशक्य झालं. मग सुरू झाली संत्री. दुकानात सालीच्या सुक्या पुड्या मिळतात, पण लीव्हनला विकतची साल नको होती. त्याला कडू जातीची ताजी संत्री हवी होती, आणि ती घाऊक बाजारात पेटीनंच मिळत होती. त्यानं दोन पेट्या आणल्या. साल हवी होती, ती काढली. उरली सोललेली संत्री, आणि ती टाकून देणारा माणूस आमच्याकडे जन्माला यायचा आहे. ग्रीटनं त्यांचा मुरंबा केला, सॅलडमध्ये घातली, डुकराच्या मांसाबरोबर शिजवली. तिसऱ्या आठवड्यात ती ऑफिसातून फोन करून म्हणाली, "लीव्हन, आज डब्यात काय आहे ते मी न उघडता सांगू?"

"उन्हाळ्यात चांगली असतात."

"ही कडू आहेत! इथं माझ्या शेजारची बाई जागा बदलून मागतेय."

साल वाळत होती बैठकीच्या खोलीत, दोऱ्यांवर, कपडे वाळवायच्या घोडीवर आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर. सालीचा आतला पांढरा भाग राहिला तर बिअर कडवट होते, म्हणून लीव्हन संध्याकाळी टीव्हीवर सायकलींची शर्यत लावून, चष्मा नाकावर ओढून, एकेक साल सुरीनं खरवडत बसे. ग्रीट समोर पाय वर घेऊन बसे, कारण खाली पाय ठेवायला जागा नसे.

"बाबांना कधी सांगितलंस का," ती एकदा म्हणाली, "की तुला त्यांच्याकडून एक चांगला शब्द हवाय म्हणून? सरळ मागून टाक ना. संत्री तरी वाचतील."

"असं मागून घेतात का?"

"मग दोन पेट्या सोलून घेतात?"

यावर लीव्हननं आणखी एक साल खरवडायला घेतली.

शिजवायचा दिवस जूनच्या मध्यावर उजाडला. त्या दिवसाचं वर्णन ग्रीट अजून करू देत नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. गहू आणि जवाचा भरडा गरम पाण्यात भिजवायचा आणि मग ते पाणी गाळून घ्यायचं, एवढंच खरं तर काम. पण गहू चिकट असतो. भांड्याच्या तळाची जाळी पहिल्या पाच मिनिटांत तुंबली आणि साठ लिटरची खळ तयार झाली. लीव्हननं ती आधी गाळणीतून, मग टॉवेलातून आणि शेवटी उशीच्या अभ्र्यांतून गाळली. अभ्रे नवे होते. ग्रीटच्या बहिणीनं लग्नाच्या वाढदिवसाला दिलेले. गाळलेलं पाणी उकळायला ठेवलं आणि तो धने कुटायला वळला, तेवढ्यात ते उतू गेलं. शेगडीवरून ओघळून ते खणात गेलं, चमच्यांमध्ये गेलं, आणि खणाच्या खालून जमिनीवर आलं. ग्रीट घरी आली तेव्हा तिचा बूट दारातच चिकटला.

"लीव्हन."

"हलू नकोस. पुसतोय."

"माझे अभ्रे कुठायत?"

"वास बघ ना आधी," लीव्हन कळवळून म्हणाला. "किती छान येतोय!"

आणि खरं सांगायचं तर येत होता. संत्र्याचा, धन्यांचा आणि गरम गव्हाचा. ग्रीटनं दोनदा नाक ओढलं. मग ती अनवाणी पायांनी आत आली, तिनं बादली भरली आणि पुसायला बसली. लीव्हन आपल्यापरीनं झटतोय हे तिला दिसत होतं, आणि तिला त्याची दया येत होती. राग तर येतच होता.

बिअर दहा दिवस पिंपात आंबली आणि बाटल्या भरायचा दिवस आला. आता जरा लक्ष द्या, कारण घोळ इथे झाला.

बाटलीत बिअरला फेस यायचा तर भरताना तिच्यात थोडी साखर लागते. लिटरला सहा ग्रॅम. कमी झाली तर बिअर मिळमिळीत, जास्त झाली तर भलतंच. लीव्हननं हिशोब तीनदा केला, साखर पत्रं तोलायच्या काट्यावर तोलली, पाण्यात विरघळवून बरोब्बर मापात मोठ्या पिंपात मिसळली. मग मागच्या शेडमध्ये जाड काचेच्या पन्नास मोठ्या बाटल्या रांगेत मांडून एकेक भरली. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बिनचूक केलं होतं. फक्त भिंतीवर चिकटवलेल्या यादीत 'साखर' या शब्दापुढे बरोबरची खूण करायची राहिली, कारण हात चिकट होते.

बाटल्या भरल्या आणि त्याच्या लक्षात आलं की झाकणं बसवायचं यंत्र योरिसकडे आहे. बाटल्यांवर स्वच्छ फडकं टाकून तो ते आणायला गेला. योरिसकडे शर्यतीचा डोंगरातला टप्पा चालू होता. दीड तास गेला.

सासऱ्याचा वाढदिवस आला. ऊन, लिंडनच्या झाडाखाली लांब टेबल, बँडवाले निळ्या गणवेशात, शेगडीवर मांस. ओडील पांढरा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्यासमोर त्याचेच अठ्ठेचाळीस चेहरे ओळीत मांडले होते. एकूण एकोणपन्नास ओडील, एकही हसत नव्हता.

लीव्हननं बर्फाच्या टबातून पहिली बाटली काढली. त्यानं भाषण लिहून आणलं होतं. "बाबा," तो म्हणाला, "चोवीस वर्षं मी तुमच्या टेबलावर तुम्ही आणलेली बिअर प्यायलो. आज..."

"बिअर गरम होतेय," ओडील म्हणाला.

लीव्हननं भाषण खिशात घातलं आणि झाकण काढलं.

फेसाचा खांब सरळ वर गेला. लिंडनच्या खालच्या फांदीला लागून तो पसरला आणि ओडीलच्या डोक्यावर, शर्टावर आणि शेजारी बसलेल्या बँडमास्तर रेमीच्या मिशांवर उतरला. लीव्हननं बाटली उलटी करून पाहिली. तळाशी दोन बोटं उरली होती.

"ही हलली असेल," तो म्हणाला. "आणताना."

दुसरी उघडली. तीही हलली असावी. तिसरी त्यानं अंगापासून लांब धरली, तर ती बटाट्याच्या सॅलडवर गेली. मदत करायची म्हणून योरिसनं एकाच वेळी दोन उघडल्या. मग कुणीतरी ओरडलं, "ग्लास खाली धरा, ग्लास!" आणि पंचेचाळीस माणसं हातात ओडील घेऊन कारंज्यांमागे धावायला लागली. बँडमधल्या सगळ्यात मोठ्या तुतारीचं तोंड वर होतं, तीत एक अख्खी बाटली गेली. वाजवणाऱ्यानं घाबरून जोरात फुंकलं. तो आवाज गावात अजून काढून दाखवतात.

त्यानंतर गांधीलमाश्या आल्या. जुलैचा महिना आणि पंचेचाळीस माणसं संत्र्याच्या वासाच्या गोड बिअरमध्ये भिजलेली, माश्यांनी तरी काय करावं?

या सगळ्यात ओडील खुर्चीतून हलला नाही. भुवईवरून ओघळणारा फेस बोटानं पुसून तो म्हणाला, "साखर किती टाकलीस?"

"मापात, बाबा!" लीव्हन जवळजवळ रडत होता. "लिटरला सहा ग्रॅम! काट्यावर तोलून! पिंपात!"

ग्रीट पावाची टोपली घेऊन उभी होती. ती टोपली तिनं हळूच खाली ठेवली. "म्हणजे... तू टाकली होतीस?"

"म्हणजे काय? अर्थात टाकली होती!"

"मग खूण का नव्हती केली यादीत?"

"कुठल्या यादीत? ग्रीट... तू काय केलंस?"

"तू योरिसकडे गेलास तेव्हा मी शेडमध्ये आले होते. खूण दिसली नाही. मला वाटलं, विसरलास. एकेक चमचा टाकला मी. अगदी लहान चमचा." ती लाल झाली. "तुझी सगळ्यांसमोर फजिती होऊ नये म्हणून, रे."

लीव्हननं ओल्या खुर्चीत बसकण मारली. "पण एका लहान चमच्यानं एवढं होत नाही," तो बोटं मोजत म्हणाला. "एका चमच्यानं फार तर थोडा जास्त फेस येईल. हे झाडाच्या फांदीपर्यंत..." तो थांबला. ग्रीटही थांबली. दोघांनी सावकाश माना वळवल्या.

ओडील झाडावरचा एक पक्षी बघत होता. तिथे पक्षी नव्हता.

"बाबा?" ग्रीट म्हणाली.

"मी सायकलवरून चाललो होतो."

"बाबा!"

"शेड उघडी होती. बाटल्या उघड्या होत्या. माणूस कुणी नाही. अडतीस वर्षं मी बाटल्या भरल्यात, मला ते कसं बघवणार?" ओडील घसा खाकरून म्हणाला. "अर्धा खडा. बाटलीमागे फक्त अर्धा खडा. तुमच्या स्वयंपाकघरातलाच. अख्खा बाटलीच्या गळ्यातून जात नाही, म्हणून दातांनी फोडावा लागला."

"पन्नास बाटल्यांत?" योरिस कौतुकानं म्हणाला.

"तीनेनच्या कारखान्यातली साखर. कडक असते."

लीव्हन उठून उभा राहिला. इतकी वर्षं खिडकीमागे बसून, 'कृपया पुढच्या रांगेत' असं म्हणत ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, तो फेस निथळत उभा राहिला आणि बोलला. "एकदा! आयुष्यात एकदा मी काहीतरी धड केलं! दोन पेट्या संत्री सोलली! बोटांना अजून वास येतोय! तीनदा हिशोब केला! आणि तुम्ही दोघं... एकदा विचारायचं तरी! 'लीव्हन, साखर टाकलीस का रे?' एवढंच! तोंड दुखलं असतं का?"

ग्लासांवर माश्या बसायला लागल्या.

ओडीलनं शांतपणे विचार केला. "विचारलं असतं," तो म्हणाला, "तर तू 'टाकली' म्हणाला असतास."

"हो! कारण मी टाकली होती!"

"आणि आम्हाला ते खरं वाटलं नसतं. मग आम्ही टाकलीच असती. विचारून फरक काय पडला असता?"

ग्रीटनं त्याच्या हाताला धरलं, तर तिचा हात तिथेच चिकटला.

तोवर टेबलावरच्या ग्लासांतला फेस खाली बसायला लागला होता. प्रत्येकात दोन-दोन बोटं बिअर उरली होती, फिकट, ढगाळ, उन्हात सोनेरी दिसणारी. ओडीलनं एक ग्लास उचलला. नाकाशी नेला. मग त्यानं घोट घेतला आणि तोंडात घोळवला. रेमीनं मिशा पुसायचं थांबवलं. लीव्हननं डोळे मिटून घेतले, कारण त्याला आता आणखी काही सोसवणार नव्हतं.

ओडीलनं ग्लास संपवला, खाली ठेवला आणि दुसरा उचलला.

"प्यायला येतं," तो म्हणाला.

सगळ्या पंचेचाळीस माणसांनी ते ऐकलं. योरिसनं टाळी वाजवली. कुणीतरी ढोल बडवला. लीव्हननं डोळे उघडले आणि त्यांत पाणी आलं, ते तो पुसायला गेला तर बाहीवरची बिअर डोळ्यात गेली, त्यामुळे आणखी आलं. चोवीस वर्षं! त्याला वाटलं, अभ्रे गेले, शेगडी गेली, सुट्टीचे दिवस गेले, सगळं वसूल झालं. आणि दुसरी गोष्ट त्याला त्याच क्षणी वाटली, मनापासून वाटली, की आता जन्मात पुन्हा कधी बिअर करायची नाही आणि घरात संत्रं आणायचं नाही. झालं काम. संपलं.

"रेमी," ओडील बँडमास्तरकडे वळला, "तुमच्या बँडला शंभर वर्षं कधी होतायत?"

"सप्टेंबरात."

"माणसं किती?"

"गाव सगळं. चारशे धर."

"बिअर मागवू नका. आमचा जावई करतो."

लीव्हनचं तोंड उघडलं.

"चारशे?" ग्रीट क्षीण आवाजात म्हणाली.

"करतो ना तो. हात बरा आहे त्याचा." ओडीलनं तिसरा ग्लास ओढला, जावयाकडे, फेसानं माखलेल्या, डोळे लाल झालेल्या त्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर प्रेमानं थाप मारली.

"फक्त साखर मी टाकीन," तो म्हणाला. "तू विसरशील."